मोडीतील माणिक : जुन्या संगणकांची पारख

व्यापारात भांडवलाहूनही पारख श्रेष्ठ मानली जाते. एकच वस्तू अजाणत्याच्या हातून वजनाच्या भावाने जाते आणि जाणत्याच्या हाती तिचे खरे मोल होते. सोने, मोती, जुनी नाणी यांच्या बाबतीत हा अनुभव व्यापारी बांधवांस नवा नाही. परंतु ज्या यंत्राच्या जन्मास अद्याप शंभर वर्षेही झालेली नाहीत, त्या संगणकाच्या बाबतीतही आज हेच घडत आहे.

या जुन्या यंत्रांचा बाजार प्रथम बहरला तो अमेरिकेत. दुसऱ्या महायुद्धानंतर सैन्याजवळ उरलेली रेडिओ व विजेची सामग्री तेथे मोठ्या प्रमाणावर विक्रीस निघाली आणि शिलकी मालाच्या, म्हणजे ‘सरप्लस’ दुकानांचा धंदा फोफावला. पुढे कॅलिफोर्नियातील सांता क्लाराच्या खोऱ्यात संगणकांचे कारखाने उभे राहिले, तेव्हा त्यांचा नाकारलेला, जुनाट झालेला अथवा कंपनी बुडाल्याने उरलेला माल याच दुकानांत येऊ लागला. सनीव्हेल येथील ‘वीअर्ड स्टफ’ आणि सांता क्लारा येथील ‘हॉल्टेड’ ही त्यांतील नामांकित नावे. पहिले दुकान २०१८ साली व दुसरे २०१९ च्या आरंभी बंद झाले. अशी दुकाने मिटली म्हणजे माल थेट मोडीच्या वखारीत जातो. तेथे संग्राहकाशी स्पर्धा असते ती सोने काढणाऱ्याची. जुन्या चिपांच्या पायांवर व फलकांच्या कडांवर सोन्याचा मुलामा असे. त्या चिमूटभर सोन्यासाठी पुष्कळ दुर्मिळ यंत्रे नष्ट झाली आहेत.

तेव्हा ओळखावे कसे? या पारखीची पहिली कसोटी म्हणजे चिपेवरील तारीख. बहुतेक चिपांवर चार आकडे छापलेले असतात. त्यांतील पहिले दोन वर्षाचे व पुढील दोन आठवड्याचे. ‘७६१४’ याचा अर्थ १९७६ सालचा चौदावा आठवडा. फलकावरील सर्व चिपांच्या तारखा उतरून घ्याव्या; त्यांतील सर्वांत अलीकडील तारखेपूर्वी तो फलक आजच्या रूपात पुरा झालेला असणे शक्य नाही. सर्व चिपा १९७५ च्या आणि एकच १९८३ ची असेल, तर ती बहुधा दुरुस्तीत बदललेली समजावी. मात्र येथे नवखा फसतो. ‘७४३२’ हा आकडा १९७४ चा बत्तिसावा आठवडा असू शकतो, तसाच तो एका प्रसिद्ध चिपेचा क्रमांकही आहे. म्हणून शेजारचे आकडे पडताळल्याखेरीज निर्णय करू नये. नकली माल ओळखण्यासही या तारखा उपयोगी पडतात.

दुसरी कसोटी घडणीची. काचेचे व्हॉल्व्ह आढळले तर यंत्र पहिल्या पिढीचे. तळहाताएवढ्या कार्डांवर सुटे ट्रान्झिस्टर बसविलेले असतील, तर ते १९६० च्या आगेमागे प्रचारात असलेल्या घडणीचे. आयबीएम कंपनीने १९५९ साली जाहीर केलेले १४०१ हे गाजलेले यंत्र अशाच कार्डांचे बनलेले होते. बारीक तारांची जाळी आणि तिच्या प्रत्येक छेदावर मोहरीहून लहान काळे कडे, अशी वस्तू दिसली तर ती चाळणी समजून टाकू नये. ती संगणकाची चुंबकीय स्मृती होय. एका कड्यात एक बिट, या हिशेबाने चौसष्ट गुणिले चौसष्ट कड्यांच्या जाळीत ४,०९६ बिट मावतात, आणि वीज गेली तरी ते पुसले जात नाहीत. त्याचप्रमाणे पांढऱ्या चिनी मातीची, सोनेरी झाकणाची, सोळा पायांची चिप हाती आली, तर तिच्यावरील अक्षरे भिंगाखाली वाचावी. इंटेल कंपनीचा १९७१ चा ४००४ हा मायक्रोप्रोसेसर अशाही वेषात निघाला होता. त्यात सुमारे २,३०० ट्रान्झिस्टर होते.

तिसरी गोष्ट जपणुकीची. जुने यंत्र घरी आणताच विजेस जोडण्याचा मोह आवरावा. त्यातील कंडेन्सर वर्षानुवर्षे पडून बिघडतात. ते फुटून यंत्र जळते. यंत्र विजेपासून तोडलेले असले तरी कंडेन्सरांत वीज साठलेली असू शकते, म्हणून उघडण्याचे काम जाणकाराकडेच द्यावे. फलकावरील बॅटरी गळत असल्यास ती प्रथम काढवावी, कारण तिचा क्षार तांब्याच्या रेषा खाऊन टाकतो. नामपट्टी, माहितीपुस्तिका, केबली, टेप, एवढेच नव्हे तर यंत्रावर चिकटविलेली कचेरीची चिठ्ठीही टाकू नये. यंत्र कोठे व कोणत्या कामी होते हे त्यांवरूनच कळते, आणि इतिहासाविना यंत्राचे मोल निम्मेही उरत नाही.

या सर्व पारखीचे मर्म एका उदाहरणाने स्पष्ट होईल. १९७६ साली स्टीव्ह वॉझ्नियॅक यांनी रचलेला ‘ॲपल-१’ हा संगणक ६६६.६६ डॉलरांस विकला जात असे. एकूण सुमारे दोनशेच तयार झाले. त्यास ना पेटी, ना कळफलक, ना पडदा. चिपांनी भरलेला एक फलक एवढेच त्याचे रूप. असा एक फलक २०१५ साली कॅलिफोर्नियातील मिल्पिटास येथे, ‘क्लीन बे एरिया’ या जुन्या विद्युत्-सामग्रीचा व्यवसाय करणाऱ्या पेढीत येऊन पडला. एका महिलेने पतीच्या निधनानंतर घर आवरताना काही खोकी तेथे नेऊन दिली होती. तिने पावतीही घेतली नाही, नावही ठेवले नाही. काही आठवड्यांनी खोकी उघडली तेव्हा तो फलक ओळखला गेला आणि दोन लक्ष डॉलरांस विकला गेला. अशा मालाच्या विक्रीतून निम्मी रक्कम मूळ मालकास देण्याची त्या पेढीची रीत होती. म्हणून एक लक्ष डॉलर बाजूस ठेवून तिने वृत्तपत्रांद्वारे त्या अनामिक महिलेचा शोध आरंभिला. फलक ओळखला ही विद्या. परंतु मालकिणीचा वाटा ओळखला ही सचोटी. पहिली अभ्यासाने येते, दुसरी पेढीच्या वळणात असावी लागते. ज्याला वस्तूचे मोल कळते, त्याच्यावर न कळणाऱ्याच्या हिताचीही जबाबदारी येते, हे व्यापाऱ्यास निराळे सांगणे नलगे.

हा विषय केवळ परदेशचा नव्हे. ट्रॉम्बे येथे विकसित झालेला ‘टीडीसी-१२’ हा भारतीय संगणक १९६९ साली हैदराबादच्या ईसीआयएल या सरकारी कारखान्यातून बाहेर पडला. त्याच्यासारख्या यंत्रांचे सुटे फलक कोणा जुन्या कचेरीच्या वा महाविद्यालयाच्या अडगळीत आढळले, तर ते देशाच्या उद्योगाचे दप्तरच समजले पाहिजे. मोठ्या आस्थापनांनी ई-कचरा नोंदणीकृत संस्थेकडेच सोपवावा, असा नियम १ एप्रिल २०२३ पासून भारतात लागू आहे, आणि तो योग्यच आहे. परंतु माल सोपविण्यापूर्वी नामपट्टी वाचण्यास, चार आकडे पाहण्यास आणि जाणकारास किंवा एखाद्या संग्रहालयास एक पत्र धाडण्यास कोणताही नियम आड येत नाही. आपल्या पोटमाळ्यावरील जुना संगणक बहुधा मोडीच्याच योग्यतेचा निघेल. तथापि पाहून टाकणे आणि न पाहता टाकणे यांत जे अंतर आहे, त्यालाच आपल्या वाडवडिलांनी पारख असे नाव दिले.