भीमथडीचे तट्टू

मराठ्यांच्या घोडदळाची भिस्त भीमथडीच्या तट्टांवर असे. ही जात घडली कशी? आमच्या पन्हाळ्याकडे पाऊस धो धो पडतो. भीमा-नीरेचे खोरे मात्र सह्याद्रीच्या पर्जन्यछायेत. तिथे चारा तोकडा, जमीन खडकाळ. थोराड, फार खाणारे जनावर दुष्काळात आधी पडे. लहान चणीचे, कणखर खुरांचे तगे आणि वीण त्याचीच वाढे. दुष्काळ घोड्याला काटक करीत नाही. काटक तेवढा मागे ठेवतो.

१८१८ मध्ये पेशवाई बुडाली, घोडदळे मोडली. तरी जात टिकली, कारण मेंढरांमागे फिरणाऱ्या धनगरांचे बिऱ्हाड तिच्याच पाठीवर चालत राहिले. आज चराऊ राने आटत आहेत. आम्ही कामगार चळवळीतली माणसे एवढेच म्हणू : जनावर राखायचे, तर त्याला पोसणारा कष्टकरी आधी जगवा.