हातच्याचा घोळ आणि तुराट्यांचा गठ्ठा

परभणीकडे तुरीच्या राशी झाल्या की तुराट्यांना तोटा नाही. पहिली-दुसरीच्या गणितासाठी याहून भारी साहित्य मला तरी माहीत नाही! दहा काड्यांना रबर लावलं की झाला दशक. आता 32 मधून 17 काढा. सुट्ट्या दोनच, सात द्यायच्या कुठून? एखादं पोरगं विचारतंच, "सर, गठ्ठा सोडू का?" सोड की! बारातून सात गेल्या, पाच उरल्या. दोन गठ्ठ्यांतला एक दिला. राहिल्या 15. (टोकं आधी घासून घ्या, बोचतात.) साताऱ्याच्या कुमठे बीटमधल्या (म्हणजे तिथल्या शाळांच्या गटातल्या) ज्ञानरचनावादाचा, म्हणजे मुलांनी स्वतः हाताळून शिकण्याच्या पद्धतीचा, आणि 2015 च्या 'प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र' कार्यक्रमाचा जिल्हा परिषद शाळांत बराच बोलबाला झाला, त्यात अशा साहित्याचाही वाटा होता. आणि हो, तुराट्यांनी पुढे शंभरापर्यंत जायचं, तर दहा गठ्ठ्यांची मोळी बांधायची.