थाळीचा सूर ठरलेला, कथा दर वेळी नवी

चिंचपाडा हे सुरत–भुसावळ रेल्वेमार्गावरचं, नवापूर तालुक्यातलं गाव. गुजरातची सीमा जवळ. परिसरात मावची, भिल्ल आणि कोकणा समाजाची वस्ती. नवापूरपासून गुजरातेतल्या डांगपर्यंत पसरलेल्या कोकणा समाजात थाळीवर कथा सांगण्याची जुनी परंपरा आहे. सृजन कसं घडतं, ते या परंपरेत उघड दिसतं.

धातूच्या थाळीत मधोमध मेण लावून त्यात बारीक काडी उभी रोवतात. कथेकरी ती चिमटीत धरून बोटं तिच्यावरून ओढत राहतो. काडीची थरथर मेणातून थाळीत उतरते आणि एकसंध घुमारा निघतो. त्या सुरावर कणसरी या धान्यदेवतेची किंवा रामाची कथा रात्रभर चालते. साथीदार मागून झील धरतात.

यात सूर ठरलेला, झील ठरलेली, कथेतले टप्पेही ठरलेले. पण कोणता प्रसंग रंगवायचा, कोणता आवरता घ्यायचा, हे समोरची माणसं पाहून ठरतं. साथीदार झील धरतात तेवढ्या वेळात कथेकऱ्याला पुढची ओळ सुचते. म्हणजे चौकट त्याला अडवत नाही. उलट, विचार करायला उसंत देते.

मिलमन पॅरी आणि अल्बर्ट लॉर्ड या अमेरिकी अभ्यासकांना १९३० च्या दशकात युगोस्लाव्हियातल्या निरक्षर गायकांकडे हेच आढळलं. गाणं शब्दशः तेच आहे, असं गायक सांगत. ध्वनिमुद्रणात मात्र दर वेळी फरक निघे. ठरावीक शब्दबंध तोंडात बसलेले असल्यानेच हजारो ओळी गाता गाता रचता येत होत्या, हे लॉर्ड यांनी १९६० च्या ग्रंथात दाखवून दिलं. पुढे २००८ मध्ये चार्ल्स लिंब आणि ॲलन ब्रॉन या संशोधकांनी सहा जॅझ पियानोवादकांच्या मेंदूची चित्रं घेतली. उत्स्फूर्त वादनाच्या वेळी स्वतःवर पहारा ठेवणाऱ्या भागांचं काम मंदावलं, आत्माविष्काराशी जोडलेल्या भागाचं वाढलं. पण हे सगळे वर्षानुवर्षं रियाज केलेले वादक होते. हात तयार असले, तरच पहारा सैल करणं परवडतं.

नुसती शिस्त असेल तर पाठांतर उरतं. नुसती मोकळीक असेल तर ऐकणाऱ्याला धागाच सापडत नाही. पुढे काय येणार याचा थोडा अंदाज आणि थोडी हुरहुर, या दोन्हींच्या मध्ये कला जगते.

म्हणून या कथा जपताना एक पथ्य पाळायला हवं. एकच पाठ छापून तोच 'शुद्ध' ठरवला, तर कथेचा प्राणच जाईल. एकाच कथेकऱ्याकडून तीच कथा दोनदा, वेगवेगळ्या रात्री ध्वनिमुद्रित करावी. नवापूर तालुक्यातल्या शाळांनी कथेकऱ्यांना वर्गात बोलवावं, मुलांना आधी झील धरायला शिकवावी, आणि मग तीच कथा आपापल्या बोलीत, आपल्या पद्धतीने सांगू द्यावी.