जुन्या चालीवर नवे शब्द : सीरियाच्या संस्कृतीची एक रीत

अरबी भाषेत 'कद्द' या शब्दाचा अर्थ माप किंवा अंगकाठी असा होतो, आणि उंची या अर्थाने मराठीत येणारा 'कद' हा शब्द फारसीच्या वाटेने तिथूनच आलेला आहे. उत्तर सीरियातील अलेप्पो या शहरात, ज्याला तिथले रहिवासी 'हलब' म्हणतात, या शब्दाला संगीतात आणखी एक अर्थ मिळाला : लोकांच्या ओठी आधीपासून असलेल्या एखाद्या गाण्याच्या मापावर, म्हणजे त्याच्या चालीवर आणि लयीवर, नवे शब्द बेतून तयार केलेले गाणे म्हणजे 'कद्द'. या गाण्यांना अनेकवचनात 'कुदूद' आणि शहराच्या नावावरून 'कुदूद हलबिया' असे म्हणतात. संगीत नाटकांच्या जुन्या पुस्तकांत प्रत्येक पदाच्या डोक्यावर 'चाल' अमुक असे छापलेले ज्यांनी पाहिले आहे, त्या मराठी वाचकांना ही कल्पना नवखी वाटणार नाही. मात्र हलबमध्ये ही देवघेव धर्म आणि व्यवहार यांची सीमा सहज ओलांडत राहिली. सूफी मठांत, ज्यांना तिथे 'झाविया' म्हणतात, ईश्वराच्या नामाचा सामूहिक जप चालतो त्याला 'झिक्र' असे नाव आहे. त्या जपासाठी बाजारात गाजलेल्या प्रेमगीताची चाल उचलून तिच्यावर भक्तीचे शब्द बसवले जात, आणि उलट भक्तिगीताची चाल लग्नघरात पोहोचून तिथे प्रेयसीच्या डोळ्यांचे वर्णन करू लागे.

गेल्या दीड दशकात सीरियाचे नाव जगभरच्या वाचकांसमोर मुख्यतः युद्धाच्या बातम्यांतून आले, आणि त्यामुळे त्या देशाच्या संस्कृतीविषयी बोलताना उद्ध्वस्त अवशेषांपासून सुरुवात करण्याची सवय लागली. या कद्दापासून सुरुवात केली तर चित्र वेगळे दिसते, कारण जुने पुसून न टाकता त्याच्या मापावर नवे बेतण्याची ही रीत गाण्यापुरती मर्यादित नाही; ती तिथल्या इमारतींत, नाटकांत, चित्रांत आणि आता परदेशांत विखुरलेल्या सीरियन कलावंतांच्या कामातही आढळते.

हलबच्या गायनाची मैफल 'वस्ला' या आकृतिबंधात बांधलेली असते. वस्ला म्हणजे एकाच 'मकाम'मध्ये ओवलेली रचनांची माळ, आणि मकाम म्हणजे ठरावीक स्वर, त्यांच्यातील ठरावीक अंतरे आणि चलनाचे संकेत यांनी सिद्ध होणारी स्वरव्यवस्था; तिची तुलना रागाशी करण्याचा मोह होतो आणि काही अंशी ती योग्यही आहे, मात्र अरबी मकामांत शुद्ध आणि कोमल स्वरांच्या मधोमध पडणारे, पाव स्वराच्या हिशेबाने सांगितले जाणारे स्वर राजरोसपणे मुक्कामाची जागा घेतात, हे ध्यानात ठेवावे लागते. वस्लाच्या आरंभी वाद्यरचना येते, मग 'मुवश्शह' येतात, ज्यांचा कडव्यांचा काव्यप्रकार मुस्लिम अमलाखालील स्पेनमध्ये घडला आणि पूर्वेकडे आल्यावर हलबने आपलासा केला. पुढे गायक 'मव्वाल' गातो, ज्यात तालाचे बंधन सोडून तो मकामाचा विस्तार करतो, आणि मैफल पुरेशी तापली की शेवटाकडे कुदूद येतात, ज्यांत श्रोतेही आवाज मिसळतात. ऊद नावाचे आखूड मानेचे तंतुवाद्य, मांडीवर आडवे ठेवून छेडले जाणारे कानून, बोरूची बासरी 'नाय' आणि झांजा लावलेली लहान डफली 'रिक्क' ही साथीची वाद्ये. संगीताने श्रोत्याच्या मनाची जी भारलेली अवस्था होते तिला 'तरब' हे नाव आहे, आणि ती निर्माण करण्याची जबाबदारी एकट्या गायकावर नसते. 'सम्मिआ' म्हणजे जाणकार श्रोते योग्य जागी दाद देऊन त्याला पुढची वाट मोकळी करून देतात, अशी तिथली धारणा आहे.

या परंपरेचे सर्वांत मोठे नाव सबाह फख्री यांचे. त्यांचा जन्म १९३३ मध्ये हलबमध्ये झाला आणि कुराणपठण, अजान व झिक्र यांतून त्यांचा आवाज घडला, जशी त्या शहरातील अनेक गायकांची घडण होत आली. त्यांच्या आधीच्या पिढीतील सबरी मुदल्लल हे तर मैफली गाजवणारे गायक आणि शहराच्या मुख्य मशिदीचे मुअज्जिन, म्हणजे अजान देणारे, अशा दोन्ही भूमिकांत वावरले. १९६८ मध्ये व्हेनेझुएलातील काराकास येथे, जिथे सीरियातून गेलेल्या कुटुंबांची मोठी वस्ती आहे, फख्री सलग दहा तास गायले आणि त्या विक्रमाची नोंद गिनेस बुकात झाली. तरी त्यांचे खरे काम वेगळे आहे : मुखोद्गत राहिलेल्या शेकडो रचना त्यांनी ध्वनिमुद्रित करून पुढच्या पिढ्यांच्या हाती दिल्या. २ नोव्हेंबर २०२१ रोजी त्यांचे निधन झाले आणि पुढच्याच महिन्यात युनेस्कोने कुदूद हलबियाचा समावेश मानवजातीच्या अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत केला.

सीरियाच्या भूमीत संगीताची मुळे किती खोल आहेत याचा एक विलक्षण पुरावा भूमध्य समुद्राच्या काठी उगारित येथे मिळाला आहे. १९२८ मध्ये एका शेतकऱ्याच्या नांगराला थडगे लागले आणि पुढच्या वर्षी सुरू झालेल्या उत्खननातून कांस्ययुगातील हे बंदर उजेडात आले; तिथल्या लेखनिकांनी कीलाकार खुणांतून अवघ्या तीस चिन्हांची वर्णमाला तयार केली होती. त्याच ठिकाणच्या मातीच्या पाट्यांपैकी एकीवर, इसवी सनपूर्व १४०० च्या सुमाराची, निक्कल या देवतेची हुरियन भाषेतील स्तुती कोरलेली आहे : वरच्या भागात शब्द, मध्ये आडवी रेघ आणि खाली वाद्याच्या तारांशी संबंधित स्वरांतरांची नावे व अंक. जवळपास पूर्ण स्वरूपात टिकलेले हे जगातील सर्वांत जुने स्वरलेखन मानले जाते. त्याचे वाचन अभ्यासकांनी परस्परांहून भिन्न प्रकारे केले असल्यामुळे ते गाणे नेमके कसे ऐकू येत असे हे सांगता येत नाही, आणि त्याच्यापासून हलबच्या मैफलीपर्यंत सरळ रेघ ओढणे उत्साहाचे असले तरी अभ्यासाचे नव्हे. एवढे मात्र निश्चित की शब्द आणि चाल या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि त्या एकमेकींपासून सुट्या करून लिहून ठेवता येतात, ही जाण त्या किनाऱ्यावर साडेतीन हजार वर्षांपूर्वी होती.

चाल तीच आणि शब्द नवे, ही रीत दगडांत वाचायची असेल तर दमास्कसच्या उमय्यद मशिदीकडे जावे लागते. या जागी प्रथम अरामी लोकांच्या हदाद या पर्जन्यदेवाचे मंदिर होते, रोमन काळात तेथे ज्युपिटरचे भव्य मंदिर उभे राहिले, पुढे त्याच आवारात संत योहानाचे चर्च झाले आणि आठव्या शतकाच्या आरंभी खलिफा पहिला वलीद याने आजची मशीद बांधवली, जी ७१५ मध्ये पूर्ण झाली. रोमन मंदिराच्या आवाराची भिंत मशिदीची बाह्य भिंत म्हणून राहिली. दक्षिणेकडील बुजवलेल्या दारावर ख्रिस्ताच्या राज्याचा महिमा सांगणारा ग्रीक लेख अजून आहे. प्रार्थनागृहात योहानाची, ज्यांना मुस्लिम याह्या पैगंबर म्हणून मान देतात, समाधी आहे. आणि एका मिनाराला येशूचे नाव आहे. अंगणाच्या भिंतींवर काच आणि सोन्याच्या बारीक तुकड्यांनी जडवलेल्या चित्रांत नदी, वृक्ष आणि घरे दिसतात, मात्र माणूस किंवा प्राणी नाही : तंत्र बायझंटाइन परंपरेचे आणि आशय नव्या धर्माच्या मर्यादांना धरून. सत्तांतर होताना येथे हिंसा किंवा अन्याय झालाच नाही असे म्हणणे भाबडेपणाचे ठरेल, तरीही आधीच्यांची खूण इतकी उघडपणे जपणाऱ्या वास्तू जगात फार थोड्या आहेत.

वाळवंटातील पाल्मायरा, म्हणजे अरबी 'तदमुर', हे नगरही अशाच मिश्रणातून घडले होते. तिथले व्यापारी इराणच्या आखातातून जहाजांनी भारताच्या वायव्य किनाऱ्यापर्यंत येत, आणि त्यांच्या थडग्यांवरील शिल्पांत ग्रीक-रोमन घडण, इराणी पेहराव आणि अरामी लेख एकाच दगडात नांदतात. समोर रोखून पाहणारे त्यांचे मोठे डोळे विसरता येत नाहीत. इसवी सन ३२ मध्ये अर्पण केलेले तिथले बेल देवाचे मंदिर ऑगस्ट २०१५ मध्ये आयसिस या संघटनेने सुरुंगांनी उडवले, आणि त्याच महिन्यात चाळीस वर्षे त्या स्थळाची देखभाल केलेले वयोवृद्ध पुरातत्त्वज्ञ खालिद अल्-असद यांची हत्या केली. त्याआधी २०१२ मध्ये हलबचा छपराखालचा मध्ययुगीन बाजार आगीत सापडला होता आणि एप्रिल २०१३ मध्ये तिथल्या मोठ्या मशिदीचा १०९० मधील मिनार लढाईत कोसळला होता. सीरियातील सहाही जागतिक वारसास्थळे २०१३ मध्ये संकटग्रस्त यादीत गेली. त्याहून मोठे नुकसान माणसांचे होते : युद्धापूर्वी सुमारे दोन कोटींची वस्ती असलेल्या या देशातील निम्म्याहून अधिक लोकांना घर सोडावे लागले, आणि त्यांत गायक, विणकर, काच फुंकणारे आणि नटही होते. मिनाराचे पडलेले दगड गोळा करून ठेवता येतात. गाव सोडून गेलेल्या कारागिराचे हात तसे ठेवता येत नाहीत.

म्हणूनच 'खयाल अल्-झिल' या सावल्यांच्या खेळाला युनेस्कोने २०१८ मध्ये तातडीने जपण्याच्या यादीत घेतले, ही घटना गंभीर होती. पातळ, पारदर्शक कातड्याच्या रंगीत बाहुल्या पडद्यामागून नाचवून केला जाणारा हा खेळ दमास्कसच्या कॉफीगृहांत रंगत असे, आणि भोळा कराकोज व त्याचा चलाख मित्र इवाज यांच्या तोंडून बाजारभाव ते राज्यकर्ते अशा साऱ्यांची झडती घेतली जाई. खेळ सादर करणारे जाणकार मोजकेच उरले होते. कॉफीगृहाच्या या परंपरेला आधुनिक रंगभूमीवर आणण्याचे श्रेय सादल्लाह वन्नूस (१९४१–१९९७) या नाटककाराचे आहे. 'मामलूक जाबिरच्या मस्तकाचे साहस' या त्यांच्या नाटकात सारा प्रसंग कॉफीगृहात घडतो, 'हकवाती' म्हणजे कथेकरी जुनी गोष्ट वाचू लागतो, आणि गिऱ्हाइके तिच्यात आपल्या काळाचा अर्थ शोधत वाद घालतात, जेणेकरून प्रेक्षकालाही गप्प बसता येऊ नये. १९९६ च्या जागतिक रंगभूमी दिनाचा संदेश लिहिण्याचा मान मिळालेले ते पहिले अरब लेखक होते.

चित्रकारांमध्ये फातेह मुदर्रिस (१९२२–१९९९) यांनी रोम आणि पॅरिसमध्ये शिक्षण घेतले, मात्र त्यांच्या चित्रांतील चौकोनी, निश्चल चेहरे पाल्मायराच्या शिल्पांची आणि पूर्वेकडील चर्चमधल्या मूर्तिचित्रांची आठवण करून देतात. मरवान कस्साब-बाशी १९५७ मध्ये बर्लिनला गेले आणि जवळजवळ सहा दशके एकच चेहरा पुन्हापुन्हा रंगवत राहिले, इतका की तो चेहरा हळूहळू डोंगरदऱ्यांसारखा भासू लागला. युद्धकाळातील सर्वाधिक पाहिले गेलेले सीरियन चित्र तम्माम अज्जाम यांचे असावे : २०१३ मध्ये त्यांनी संगणकाच्या साहाय्याने गोळ्यांनी चाळण झालेल्या एका इमारतीच्या भिंतीवर ऑस्ट्रियन चित्रकार क्लिम्ट यांचे सोनेरी 'चुंबन' चढवले. त्याला केवळ चमत्कृती समजणे चूक ठरेल, कारण दुसऱ्याची सुंदर रचना घेऊन आपल्या दुःखाच्या मापावर ती बसवणे हा त्यांच्या देशाचा जुना संस्कार आहे.

कॅमेऱ्याने याहून थेट काम केले. वाद अल्-कतीब यांनी वेढा पडलेल्या पूर्व हलबमध्ये, पती डॉक्टर असलेल्या रुग्णालयात राहून, २०१६ पर्यंत चित्रीकरण केले, आणि आपल्या तान्ह्या मुलीला उद्देशून लिहिलेल्या पत्राच्या स्वरूपात 'फॉर समा' हा माहितीपट एडवर्ड वॉट्स यांच्यासह २०१९ मध्ये पूर्ण केला. त्याला कान महोत्सवात सर्वोत्तम माहितीपटाचा पुरस्कार मिळाला. देश न सोडणाऱ्यांत कादंबरीकार खालिद खलिफा होते, ज्यांच्या 'या शहराच्या स्वयंपाकघरांत सुऱ्या नाहीत' या हलबमधील कुटुंबाच्या कादंबरीला २०१३ मध्ये नजीब महफूझ पदक मिळाले आणि ज्यांचे २०२३ मध्ये दमास्कसमध्ये निधन झाले. दमास्कसचेच क्लॅरिनेटवादक किनान अज्मे न्यूयॉर्कमध्ये राहून त्या पाश्चात्त्य वाद्यातून मकामाचे स्वर काढतात.

हलबची ओळख गाण्याइतकीच साबणाने आहे, आणि मराठीतील 'साबण' शब्दही अरबी 'साबून'शी नाते सांगतो. ऑलिव्हचे तेल कॉस्टिक सोड्याबरोबर मोठ्या कढईत सुमारे तीन दिवस उकळले जाते, शेवटी 'गार' या सुगंधी पानांच्या झाडाच्या फळांचे तेल घालतात, आणि हिरवा दाट रस सपाट जमिनीवर ओतून थर निवू देतात. मग माणसे दाते लावलेले अवजार त्यावरून ओढून चौकोनी वड्या पाडतात, प्रत्येकीवर कारखान्याचा ठसा उमटवतात आणि हवा खेळती राहील असे पोकळ मनोरे रचून त्या सहा ते नऊ महिने वाळवतात. बाहेरून वडी सोनेरी-तपकिरी होते, कापली तर आत हिरवीच असते. युद्धात जुन्या शहरातील कारखाने बंद पडले किंवा मोडले तेव्हा अनेक साबणकार सीमेपलीकडे सुमारे १०० किलोमीटरवरील गाझियान्तेपला गेले, काही फ्रान्सपर्यंत पोहोचले, आणि तिथल्या तेलाने, तिथल्या हवेत, त्याच मापाच्या वड्या पाडू लागले. डिसेंबर २०२४ च्या पहिल्या आठवड्यात युनेस्कोने हलबच्या या साबणाला अमूर्त वारशाच्या यादीत स्थान दिले. त्याच सुमारास शहराचा ताबा बदलला होता, ८ डिसेंबरला दमास्कसमधील राजवट कोसळली आणि परतीच्या वाटा उघडल्या. ऑलिव्हची तोडणी संपून कढया चुलीवर चढवण्याचे दिवसही तेच होते.