शहाद्याचा रानपिंगळा आणि एक खोटी चिठ्ठी

नंदुरबार जिल्ह्यात माणसाने वन्य प्राण्यांच्या शेजारी कसे नांदावे हा प्रश्न निघाला की तळोदे-शहाद्याच्या उसातला बिबट्या सर्वांच्या डोळ्यांपुढे उभा राहतो, आणि ज्याच्या गोठ्यातले वासरू किंवा घरातले माणूस गेले त्याला दुसरे काही सुचू नये हे स्वाभाविकच आहे. परंतु याच तालुक्यांच्या उत्तरेस, सातपुड्याच्या पायथ्याच्या सागवनात, वीतभर उंचीचे एक घुबड राहते, आणि त्याच्या इतिहासाने मला कित्येक वर्षे असे धरून ठेवले आहे की बिबट्याची चर्चा चालू असतानाही माझे मन त्या रानपिंगळ्याकडेच धाव घेते. 113 वर्षे नाहीसा झालेला हा पक्षी नंदुरबार जिल्हा जन्माला येण्याच्या सात महिने आधी, 25 नोव्हेंबर 1997 रोजी, शहाद्याजवळ पुन्हा दिसला, हे वाचकांना ठाऊक आहे. तो इतकी वर्षे का सापडला नाही, ही हकीकत मात्र फारशी सांगितली जात नाही.

ॲलन ऑक्टेव्हियन ह्यूमने 1873 साली या पक्ष्याला शास्त्रीय नाव दिले तो नमुना आजच्या छत्तीसगडातला होता. परंतु जगातील संग्रहालयांत जी मोजकी कातडी उरली त्यांपैकी निम्म्याहून अधिक आपल्या खानदेशातून गेली, आणि ती पाठवणारा मुंबई इलाख्याचा मुलकी अंमलदार जेम्स डेव्हिडसन. वसुलीच्या आणि तपासणीच्या निमित्ताने शहादे-तळोदे मुलखात फिरती करताना या गृहस्थाने पाखरांची जी दप्तरे लिहिली त्यांतून 1882 साली ‘स्ट्रे फेदर्स’ या नियतकालिकात पश्चिम खानदेशातील पक्ष्यांची विस्तृत यादी प्रसिद्ध झाली. त्या काळी पक्ष्याची नोंद करणे म्हणजे त्याला बंदुकीने पाडणे, हे मला आजही सलते. तरीही नमुन्याच्या पायाला ठिकाण व तारीख लिहून बांधलेली डेव्हिडसनची प्रत्येक चिठ्ठी खरी होती, आणि पुढे जे घडले ते पाहता या खरेपणाचे मोल मी फार मोठे समजतो. 1884 नंतर रानपिंगळा कोणालाही मिळाला नाही.

किंवा मिळाला असे दिसले. रिचर्ड मायनर्ट्झहागेन या नामांकित ब्रिटिश लष्करी अधिकाऱ्याच्या संग्रहात, जो 1954 साली ब्रिटिश म्युझियमकडे गेला, एका रानपिंगळ्याच्या पायाला चिठ्ठी होती, आणि तीवर गुजरातेतील तापीकाठचे मांडवी हे गाव व 1914 हे साल लिहिलेले होते. एवढ्या मोठ्या माणसाच्या शब्दावर अविश्वास कोणी दाखवावा? शोध करणाऱ्यांची दृष्टी गुजरातेकडे वळली. सलीम अली आणि डिलन रिप्ली यांच्यासारख्या अधिकारी पुरुषांनी 1970 नंतरच्या दशकात घेतलेला शोधही निष्फळ ठरला, आणि पक्षी नामशेष झाला असावा असे बोलले जाऊ लागले.

अमेरिकेतील पक्षितज्ज्ञ पामेला रासमुसेन यांनी हे कातडे क्ष-किरणांखाली ठेवले तेव्हा कज्जा उलगडला. पक्ष्याचे कातडे सोलून, आत कापूस भरून, टाके घालण्याची प्रत्येक संग्राहकाची स्वतंत्र हातोटी असते आणि ती हस्ताक्षरासारखी ओळखू येते. या नमुन्यात वरचे भरण नवे होते, तरी त्याखाली जुन्या कामाच्या खुणा शिल्लक होत्या, आणि त्या डेव्हिडसनच्या हाताच्या होत्या. म्हणजे खानदेशात मारलेला पक्षी संग्रहालयातून चोरून, पुन्हा भरून, त्याला खोटे गाव आणि खोटी तारीख चिकटवण्यात आली होती. रासमुसेन आणि नायजेल कॉलर यांनी हे सारे 1999 साली ‘आयबिस’मध्ये तपशीलवार मांडले. मी याला विद्वत्तेतील क्षुल्लक लबाडी म्हणणार नाही. ज्या दशकांत सातपुड्याच्या पायथ्याचे सागवान झपाट्याने विरळ होत होते त्याच दशकांत या चिठ्ठीने पहारेकऱ्यांना भलत्याच वेशीवर उभे केले. मांडवी वगळून रासमुसेन, बेन किंग आणि डेव्हिड ॲबट यांनी जुनी खरी ठिकाणे धुंडाळली, पूर्वेकडे निराश झाले, आणि शेवटी डेव्हिडसनच्या मुलखात आले. तेथे सकाळच्या उन्हात निष्पर्ण फांदीवर तो बसलेला होता.

हा पक्षी दिवसा वावरतो. डोक्यावर ठिपके जवळजवळ नाहीत, पोट पांढरे, चोच व नखे अंगाच्या मानाने दांडगी. अस्वस्थ झाला की शेपटी डावी-उजवीकडे झटकतो. फराह इश्तियाक आणि असद रहमानी यांनी बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटीतर्फे तोरणमाळ परिसरात केलेल्या अभ्यासातून जे चित्र उभे राहते ते निबिड अरण्याचे नाही. विरळ सागवन, मधूनमधून शेते, सरडे-उंदीर पकडण्यास मोकळी जमीन आणि घरट्यासाठी ढोली पडलेले जुने झाड, एवढ्यावर त्याचा संसार चालतो. अर्थात माणूस त्याचा शेजारी आहेच, आणि या शेजाऱ्याच्या हातात गलोल आहे, अंडी व अवयव यांचा स्थानिक प्रथांसाठी, ढोल बनवण्यासाठीही, उपयोग होतो, हे नमूद केल्यावाचून गत्यंतर नाही. परंतु केवळ भिल्ल-पावऱ्यांकडे बोट दाखवणे अन्यायाचे होईल. अबरार अहमद यांचा ट्रॅफिक इंडियाने 2010 साली प्रसिद्ध केलेला घुबडांच्या व्यापाराचा अहवाल सांगतो की मंत्रतंत्रासाठी घुबडांना मागणी असते आणि ती दिवाळीच्या सुमारास वाढते. ज्या घरांत लक्ष्मीपूजन होते त्याच समाजात तिच्या वाहनाचा बळी जातो.

तळोद्याची गोष्ट याहून अवघड आहे. सरदार सरोवरामुळे अक्राणी आणि अक्कलकुवा तालुक्यांतील 33 गावे बुडिताखाली येत असता त्यांच्या पुनर्वसनासाठी तळोद्याचे सुमारे 4,200 हेक्टर वन देण्यात आले. नर्मदेच्या काठावरून उठवलेल्या माणसांना जमीन मिळू नये, असे म्हणणे मी निर्दय समजतो. मात्र एका विस्थापिताला वसवण्यासाठी दुसऱ्याचे घर मोडले गेले, आणि निर्णय घेणाऱ्या कचेऱ्यांना त्या वेळी रानपिंगळा तेथे असू शकेल याची शंकाही आली नव्हती. खोट्या चिठ्ठीने केलेले नुकसान मी मोजतो ते येथे.

पुढे मेळघाटात, 2014 साली तानसा अभयारण्यात आणि डांगातही हा पक्षी आढळला, आणि 2018 साली धोक्यातील प्रजातींच्या जागतिक यादीत तो ‘अतिसंकटग्रस्त’ वर्गातून ‘संकटग्रस्त’ वर्गात आला. पण नंदुरबारात त्याचे भवितव्य एका साध्या वस्तूवर अवलंबून आहे: वाळत आलेले, ढोलीचे झाड, जे सरपणाला सर्वांत आधी तोडले जाते. वन हक्क कायदा, 2006 याचे पाचवे कलम ग्रामसभेला वन्य जीवांच्या रक्षणाचा अधिकार देते. सामुदायिक वनहक्क मिळालेल्या सातपुड्याच्या गावांनी आपल्या व्यवस्थापन आराखड्यात अशा झाडांची शिवारवार नोंद करावी, ऑक्टोबर ते मे या विणीच्या काळात तेथे गलोल व कुऱ्हाड चालू नये अशी तजवीज ठरावाने करावी, आणि त्या बदल्यात सरपणाची पर्यायी सोय वन खात्याने दारापर्यंत आणून द्यावी, एवढी माझी मागणी आहे.