मास्तर नसलेले स्टेशन

स्टेशन म्हटले की सिग्नल, घंटा आणि हातात बावटा घेतलेला स्टेशनमास्तर डोळ्यांपुढे उभा राहतो. परंतु यांपैकी काहीही नसलेली स्टेशनेही आहेत. रेल्वेच्या भाषेत त्यांना ‘हॉल्ट’ म्हणतात. मराठीतील ‘थांबा’ हा शब्द त्यांना चपखल बसतो. रोह्यापासून मंगळूरजवळच्या ठोकूरपर्यंत सुमारे ७४० किलोमीटर धावणारी कोकण रेल्वे १९९८ साली पूर्णपणे सुरू झाली. तिच्यावर विलवडे आणि राजापूर रोड यांच्या दरम्यान असलेले सौंदळ हा असाच एक थांबा होय.

मास्तराविना गाडी सुरक्षित कशी राहते, अशी शंका साहजिकच येते. कोकणातील मार्ग बहुतांशी एकेरी आहे. समोरासमोरून येणाऱ्या गाड्या जेथे एकमेकींना ओलांडतात, तेथे सांधे बदलावे लागतात आणि पुढचा टप्पा मोकळा असल्याची खात्री करून घ्यावी लागते. ही जबाबदारी मास्तराची. अशा दोन स्टेशनांमधील टप्प्यात एका वेळी एकाच गाडीला प्रवेश मिळतो. थांबा या टप्प्याच्या पोटात असतो. तेथे ना सांधा, ना सिग्नल. गाडी वेळापत्रकाप्रमाणे उभी राहते, उतारूंची चढउतार झाली की मागच्या डब्यातील गार्ड, ज्याला २०२२ पासून ट्रेन मॅनेजर म्हणतात, खूण करतो आणि गाडी निघते.

म्हणजे मोठे स्टेशन गाड्यांकरिताही असते. थांबा केवळ माणसांकरिता. त्याचे दुबळेपण यातच आहे. क्रॉसिंगचे स्टेशन उतारू नसले तरी गाड्यांना हवेच असते. थांब्याला मात्र आपली गरज उतारूंच्या संख्येने आणि तिकिटांच्या उत्पन्नाने सिद्ध करावी लागते. तेथील तिकिटे बहुधा कमिशनवर नेमलेला एजंट विकतो. उत्पन्न परवडेनासे झाले, तर थांबा बंद करण्याचा विचार रेल्वे करू शकते.

तेव्हा येथे विनातिकीट चढणारा रेल्वेचे भाडे तर बुडवतोच, शिवाय गावाची गरजही हिशेबातून पुसून टाकतो. बाजाराला निघालेली आजी, कॉलेजला जाणारा मुलगा, गणपतीला आलेला आणि मुंबईला परतणारा चाकरमानी, या प्रत्येकाचे तिकीट ही थांबा हवा असल्याची नोंदलेली साक्ष असते. मास्तर नसलेल्या स्टेशनाची राखण अखेर गावालाच करावी लागते.