पेशींची खानेसुमारी

जनगणनेला जुन्या मराठीत खानेसुमारी म्हणत. प्रयोगशाळेत पेशी वाढवणाऱ्याला हा शब्द अक्षरशः लागू पडतो, कारण तो रोज काचेवरचे खाने मोजत बसतो. त्या काचेचं नाव न्यूबॉअर चेंबर. नेहमीच्या काचपट्टीपेक्षा जाडजूड, मधोमध खाचा, खाचांमध्ये गुळगुळीत चौथरा आणि त्यावर नुसत्या डोळ्यांना जेमतेम दिसणाऱ्या रेघा. मुळात ही रक्तपेशी मोजायची चीज. पेशीसंवर्धनवाल्यांनी ती उचलली आणि मग परत केलीच नाही.

रेघांनी १ मिलिमीटर लांबी-रुंदीचे ९ मोठे चौकोन आखलेले असतात. चौथरा बाजूच्या कठड्यांपेक्षा बरोबर ०.१ मिलिमीटर खाली असतो. कठड्यांवर झाकणकाच ठेवली, की प्रत्येक चौकोनावर मिलिलिटरच्या दहा हजाराव्या भागाएवढी जागा तयार होते. चौकोनातल्या पेशींची सरासरी काढायची आणि दहा हजारांनी गुणायचं, झालं गणित. ग्यानबाची मेख आहे ती ‘बरोबर’ या शब्दात. काच ०.०१ मिलिमीटर जरी वर राहिली, तरी आकडा १० टक्क्यांनी फुगतो. म्हणून जाणता माणूस काच नुसती ठेवत नाही. कठडे किंचित ओलावतो, अंगठ्यांनी हलका दाब देत काच सरकवतो आणि कडेला न्यूटनची रंगीत कडी उमटली की मगच हात काढतो.

त्याआधीची तयारी जास्त नाजूक. बहुतेक पेशी फ्लास्कच्या तळाला घट्ट चिकटून वाढतात. ट्रिप्सिन हे विकर घातलं की त्या काही मिनिटांत गोल होऊन सुटतात. कमी वेळ ठेवलं तर घोस राहतात आणि घोसातल्या पेशी मोजता येत नाहीत. जास्त ठेवलं तर पेशींनाच इजा होते. सुटलेल्या पेशींत तेवढंच ट्रिपॅन ब्लू मिसळायचं. जिवंत पेशीचं पटल या रंगाला दारातच अडवतं, म्हणून ती सूक्ष्मदर्शकाखाली लख्ख, चमकदार दिसते. मेलेली निळी पडते. मग हातातल्या काउंटरची टकटक सुरू. रेघेवर बसलेल्या पेशीचं काय? वरच्या आणि डाव्या रेघेवरची धरायची, खालच्या आणि उजव्या रेघेवरची सोडायची. सामाईक भिंत एकाच घराच्या नावावर लावावी तसं.

चार कोपऱ्यांतल्या चौकोनांत ४८, ५२, ४५, ५५ जिवंत पेशी मिळाल्या, तर सरासरी ५०. रंगामुळे द्रव दुप्पट पातळ झाला म्हणून गुणिले २, गुणिले १०,०००. म्हणजे मिलिलिटरला दहा लाख पेशी. नवखा इथे खूश होतो. पण मोजल्या फक्त २०० पेशी. तेवढ्यावर निव्वळ योगायोगानेच आकडा ७ टक्के इकडे-तिकडे होऊ शकतो. पिपेटचा आणि हाताचा दोष निराळा.

शिवाय एका मोजणीला वाढ म्हणत नाहीत. रोज एकेक फ्लास्क मोजून आलेख काढावा लागतो. पहिले काही तास पेशी नव्या जागी रुळतात, मग भराभर दुप्पट होत जातात, जागा आणि अन्न संपत आलं की थबकतात. तोवर त्यांचं गुलाबी-लाल पोषकद्रव पिवळं पडू लागलेलं असतं. ७२ तासांत एका लाखाचे आठ लाख झाले, तर पेशी तीनदा दुप्पट झाल्या. दुप्पट होण्याचा काळ २४ तास.

मोजमाप ढिलं राहिलं की काय होतं, याचा मोठा नमुना न्यूयॉर्कचा. अलेक्सिस कॅरेल या संशोधकाने १९१२ मध्ये कोंबडीच्या गर्भातल्या हृदयाचा तुकडा काचपात्रात वाढवायला घेतला. त्याच्यामागेही तो चालू राहिला, थेट १९४६ पर्यंत. तिथे वाढ मोजत ती तुकड्याच्या पसरलेल्या क्षेत्रफळावरून. एकेक पेशी मोजली जात नव्हती. पेशी अमर असतात, अशी समजूत त्यातून घट्ट झाली. १९६१ मध्ये हेफ्लिक आणि मूरहेड यांनी दुपटी चिकाटीने मोजल्या आणि माणसाच्या सामान्य पेशी पन्नासेक दुपटींनंतर थांबतात हे दाखवलं. कॅरेलच्या पोषकद्रवातूनच ताज्या पेशी आत जात असाव्यात, असा संशय पुढे घेतला गेला.

मोजदाद सोपी करणारी साधनं आली, यात शंका नाही. कूल्टरच्या यंत्रात पेशी बारीक छिद्रातून जाताना विजेला अडथळा करते आणि तेवढ्यावर मोजली जाते. मॉसमनने १९८३ मध्ये एमटीटी चाचणी दिली. पिवळं रसायन जिवंत पेशीत जांभळं होतं आणि ९६ खळग्यांच्या एकाच ताटलीत शेकडाभर नमुने उरकतात. पण हा रंग पेशींची संख्या सांगत नाही, त्यांची चयापचयाची लगबग सांगतो. औषधाने पेशी नुसत्या सुस्तावल्या, तरी रंग फिका पडतो आणि घाईतला संशोधक त्या मेल्या असं लिहून मोकळा होतो. खारघरच्या ‘ॲक्ट्रेक’ या कर्करोग संशोधन केंद्रात संभाव्य औषधं पारखताना वापरतात ती एसआरबी चाचणी प्रथिनांना रंग देते. तीही अंदाजच देते, पण तिचा अंदाज वस्तुमानाचा असतो.

पुण्याच्या राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्रातून देशभरच्या प्रयोगशाळांना पेशी पुरवल्या जातात. गोठवलेली कुपी कुठूनही येवो, ती ३७ अंशांवर वितळवली की पहिला प्रश्न एकच असतो: जिवंत किती? आणि मोजणीचं नवं कोरं स्वयंचलित यंत्र आणलं, तरी त्याचा आकडा पडताळायला आजही हीच रेघांची काच पुसून पुढे घेतात.